मुलगी मामाकडे गेलीये असं सांगतात तेव्हा

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

पत्र लांबलंय, जागा नसेल तर कापून छापा पण मधला मामाकडे पाठवण्याचा भाग तेवढा कापू नका ही विनंती.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात २२ वर्षं शिवणकाम करते. ब्लाऊज, ड्रेस, फॉल-पिको, शाळेचे युनिफॉर्म सगळं. आपला पेपर दुकानात रोज येतो, माप द्यायला आलेल्या बायका थांबल्या की त्या पण वाचतात. आणि दर काही महिन्यांनी तीच बातमी असते, जातीबाहेर लग्न केलं म्हणून बापानं मुलीला मारलं, भावानं बहिणीला मारलं, नाहीतर मुलीवर प्रेम केलं म्हणून पोराला मारलं. बायका हळहळतात आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य हमखास येतं, की अगं इतकं होईपर्यंत कुणाला काहीच कसं कळलं नाही. मला हे पत्र त्या वाक्यासाठी लिहावंसं वाटलं, कारण कळलेलं असतं. शेजारणीला कळलेलं असतं, मैत्रिणीला कळलेलं असतं, किराणावाल्याला कळलेलं असतं. मला कळलेलं होतं.

२०१६ सालची गोष्ट. एक मुलगी, बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला, लहानपणापासून माझ्याकडेच कपडे शिवायची. मार्चमध्ये कॉलेजच्या कार्यक्रमासाठी ड्रेस शिवून नेला होता तेव्हा हसत खेळत आली होती, गळ्याचं डिझाईन मोबाईलवर दाखवत होती. मे महिन्यात आई तिला घेऊन आली, चार दिवसात दोन ब्लाऊज पाहिजेत म्हणाली, कसले ते सांगितलं नाही. मी वही काढली आणि टेप लावली. मार्चमध्ये छाती ३४ कंबर २८ लिहिलेलं, आता ३२ आणि २६. दोन महिन्यात दोन दोन इंच पोरगी आत गेलेली. मी विचारलं काय गं आजारी होतीस का, तर उत्तर आईनं दिलं. कॉलेज कसं चाललंय, उत्तर आईनं दिलं. दंडाचा घेर घ्यायला टेप फिरवली तशी ती एकदम आखडली, बाही वर सरकली तर हिरवट पिवळा डाग होता, बोटं मोजता येतील असा. आई लगेच म्हणाली बाही कोपराखाली घ्या. मे महिना होता, दुकानातला पंखासुद्धा गरम हवा टाकत होता.

तेवढ्यात आईला फोन आला म्हणून ती बाहेर पायरीवर गेली आणि पोरगी माझ्या कानाशी येऊन म्हणाली, काकू तुमच्यावरून एक फोन करू का. मी काय म्हणावं? मी म्हटलं आई येऊ दे की, तिला विचारून कर. मला वाटलं पोराला फोन करायचाय, नको ती भानगड आपल्या दुकानातून.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ ठीक होतं. पण मला रात्री झोप लागेना, तो डाग डोळ्यासमोर येत होता, म्हणून मी शहाणपणा करून ब्लाऊज द्यायला स्वतः त्यांच्या घरी गेले आणि आईला म्हटलं, वहिनी पोरगी फार वाळलीये, माझ्याकडे फोन मागत होती, जरा जवळ घेऊन विचारा तिला. चांगल्या मनानं सांगितलं हो मी. त्या माऊलीचा चेहरा पांढरा पडला, तिनं माझा हात धरला आणि हळू आवाजात म्हणाली ह्यांच्या कानावर घालू नका. पण आतल्या खोलीत चुलता बसलेला होता आणि दाराला नुसता पडदा होता.

दुसऱ्या दिवशी कळलं पोरगी मामाकडे गेलीये. आठ दहा दिवसात तिकडेच चार माणसात लग्न लावून टाकलं. चार वर्षांनी ती एक लेकरू कडेवर घेऊन दुकानात आली, त्याचा कुर्ता शिवायला, तेव्हा मी न राहवून विचारलं की तुला तेव्हा कुणाला फोन करायचा होता. म्हणाली कॉलेजच्या मॅडमना. परीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख जवळ आली होती, मला घरात कोंडलंय एवढं त्यांना सांगायचं होतं. पोरगा बिरगा कुणी नव्हताच. वर्गातल्या एका मुलाबरोबर स्टँडवर बोलताना भावकीतल्या कुणीतरी बघितलं होतं, तेवढ्यावरून सगळं. आणि त्या रात्री मी घरी सांगून गेल्यावर तिला परत मार बसला होता, ते तिनं सांगितलं पण लगेच वर म्हणाली, काकू तुम्हाला काय माहीत होतं. ते ऐकून मला जास्तच लागलं.

त्यानंतर मी शिकले, विचारत गेले, एका वकीलबाईंकडे बसून कायदा समजून घेतला, तेच इथे लिहितेय.

पहिलं म्हणजे हा प्रकार ओळखायचा कसा. मारहाण फार उशिरा दिसते, त्याच्या आधी मुलीचा वावर कमी होत जातो. फोन काढून घेतात, किंवा फोन असतो पण पासवर्ड भावाकडे असतो. क्लासला एकटी जाणारी पोर अचानक भावाच्या गाडीवरून यायला जायला लागते. कॉलेज मध्येच बंद, कारण विचारलं तर तब्येत बरी नसते. तिला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर दुसरं कुणीतरी देतं. घाईघाईनं स्थळ बघायला लागतात, लग्न कुठे कुणाशी ते कुणालाच नीट सांगत नाहीत. आधारकार्ड, मार्कशीट, बँकेचं पासबुक वडिलांच्या कपाटात कुलपात. आणि घरातली भाषा बदलते. नाक कापलं, तोंड दाखवायला जागा ठेवली नाही, भावकीत काय सांगू, हिच्यापेक्षा मेलेली बरी. हे शेवटचं वाक्य आपल्याकडे रागाच्या भरात आईबाप सहज बोलतात म्हणून आपण सोडून देतो, पण फोन काढलाय, कॉलेज बंद केलंय आणि वर हे वाक्य कानावर पडतंय, असं असेल तर ते खरं धरावं.

आणि कारण प्रेमप्रकरणच असतं असं पण नाही. नवऱ्याचा मार सहन होईना म्हणून माहेरी आलेली मुलगी, नांदायला नको म्हणते म्हणून. विधवा सून, परत लग्न करायचंय म्हणते म्हणून. दोन मैत्रिणी एकत्र राहायचं म्हणतात म्हणून. नोकरीला पुण्याला जाते म्हणते म्हणून. हे एका जातीचं एका धर्माचं पण नाही, माझ्या मापाच्या वहीत सगळ्या आडनावांच्या पोरी आहेत.

आता मामाकडे पाठवण्याबद्दल. मामा, मावशी, आत्या ही आपली प्रेमाची घरं, सुट्टीला जायची. म्हणून मामाकडे गेलीये म्हटल्यावर कुणी पुढे विचारत नाही. पण कॉलेज चालू असताना, परीक्षा तोंडावर असताना, फोन बंद करून मुलगी मामाकडे जात नसते. अशा वेळी मैत्रिणींनी, बाईंनी, शेजारणीनं साधी चौकशी करावी, परीक्षेचा फॉर्म राहिलाय तिच्याशी बोलायचंय, तिचं पुस्तक माझ्याकडे राहिलंय, असं काहीतरी. तिचा आवाज ऐकायला मिळाला पाहिजे. दोन तीन वेळा कारणं सांगून टाळलं तर समजायचं काय ते आणि मदत मागायची.

दुसरी गोष्ट जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती म्हणजे गोड बोलावणं. आपल्याला वाटतं लग्न करून गेली, वर्ष झालं, आता माहेरच्यांचा राग उतरला, येणं जाणं सुरू झालं म्हणजे मिटलं. आपल्याच राज्यातल्या बातम्या आठवून बघा. २०१३ ला नाशिकमध्ये बापानं गरोदर लेकीला घरातलं माणूस आजारी आहे असं सांगून रिक्षातून नेलं आणि गळा आवळला, दिवस भरत आलेली पोर होती ती. त्याच्या मागे जातपंचायतीचा जाच होता. २०१५ ला कोल्हापुरात बहीण आणि मेहुणा, दोघांना त्यांच्या घरी जाऊन भावांनी मारलं. २०२१ च्या डिसेंबरात वैजापूर तालुक्यात १९ वर्षांच्या मुलीकडे आई आणि भाऊ भेटायला आले, ती चहा ठेवायला आत गेली आणि तिथेच तिला मारलं. चहा ठेवत होती हो. माहेरचं माणूस आलं म्हणून आनंदानं चहा ठेवत होती. २०१३ मध्येच नगर जिल्ह्यात सोनईला, एकाचं त्यांच्या मुलीवर प्रेम होतं म्हणून, तीन तरुण मुलांना सेप्टिक टँकच्या कामाला म्हणून बोलावून मारलं. बोलावणं नाहीतर भेट, यातलंच काहीतरी प्रत्येक वेळी.

आणि या बोलावण्यात मध्ये बऱ्याचदा आपल्यासारखी भली माणसं असतात. वहिनी, मावशी, गावातले चार जाणते. मी आहे ना, जा, आईबाप आहेत शेवटी ते, असं म्हणून आपण मुलीला पाठवतो, तिचा नवीन पत्ता माहेरी सांगतो, कारण आपल्याला मनापासून वाटतं घर परत जोडावं. नका करू. जिथे मारायची धमकी झालेली आहे तिथे बाहेरच्यानं समेट घडवायला जाऊ नये. भेटायचंच असेल तर दिवसाढवळ्या, संरक्षण अधिकाऱ्याच्या (घरगुती हिंसाचाराच्या कायद्याखाली सरकारनं नेमलेला अधिकारी) ऑफिसात नाहीतर वकिलाकडे, आणि मुलीची स्वतःची इच्छा असेल तरच.

मग करायचं काय? पहिलं म्हणजे तिला एकटीला गाठायचं. माझ्या दुकानात मी आता पडदा लावून माप घ्यायची वेगळी जागा केलीये, ज्याचं माप तोच आत, आई असो बहीण असो बाकीच्यांनी बाहेर बसायचं. आत गेल्यावर मी एवढंच विचारते, घरी तुला कुणाची भीती वाटते का. प्रकरण काय, पोरगा कोण, जात कुठली हे विचारायचं नाही, त्याच्याशी आपल्याला काही करायचं नसतं. ती जे सांगेल ते खरं मानायचं. तिच्या फोनवर मेसेज करायचा नाही, तो कुणीतरी वाचत असतो. हेल्पलाईनला पण तिच्या फोनवरून नको, लिस्टमध्ये नंबर दिसतो, आपला फोन द्यायचा. पळून जा असं आपण सांगायचं नाही आणि जाऊ नको असंही नाही. आणि कुणाला म्हणजे कुणाला बोलायचं नाही, बचत गटात नाही, नवऱ्याच्या मित्राला नाही, तिच्या आईला तर मुळीच नाही, कारण त्या बिचारीवर पण कुणाची तरी नजर असते.

नंबर लक्षात ठेवायचे तीनच. जीवाला धोका असेल तर ११२. महिलांसाठी १८१. आणि मुलगी १८ च्या आतली असेल, लग्न लावत असतील तर १०९८. खेड्यात बालविवाह थांबवायची जबाबदारी ग्रामसेवकाची असते, त्यांना पण सांगता येतं. बऱ्याच जणांना वाटतं घरगुती हिंसाचाराचा कायदा म्हणजे फक्त सासरसाठी. तसं नाही. २००५ चा तो कायदा बापाविरुद्ध, भावाविरुद्ध पण चालतो, लग्न न झालेल्या मुलीला पण चालतो. आणि त्याच कायद्यात असं आहे की हिंसा होतेय किंवा होईल असं वाटलं तर कुणीही संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकतं, आणि चांगल्या हेतूनं कळवलं असेल तर कळवणाऱ्यावर काही कारवाई होत नाही. शेजारणीला पण हा अधिकार आहे, टेलरला पण आहे. मला २०१६ ला हे माहीत असतं तर मी त्या घराची पायरी चढले नसते, सरळ तिकडे गेले असते.

सुप्रीम कोर्टानं २७ मार्च २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की सज्ञान दोघांनी लग्न ठरवलं तर घरच्यांची, जातीची, पंचायतीची परवानगी लागत नाही, जिल्ह्यात पोलिसांचा वेगळा कक्ष पाहिजे, अशा जोडप्यांना राहायला सुरक्षित जागा पाहिजे, आणि जे अधिकारी हे करणार नाहीत त्यांच्यावर कारवाई. जातीनं वाळीत टाकलं तर आपल्या राज्यात २०१६ चा सामाजिक बहिष्कार विरोधी कायदा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद नाहीतर एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. एक गोष्ट मात्र जपून, रजिस्टर लग्नाची म्हणजे स्पेशल मॅरेज ॲक्टची नोटीस ३० दिवस ऑफिसच्या बोर्डावर लागते. गावातलं कुणी ना कुणी त्या ऑफिसात रोज जात असतं. तो महिना मुलगी घरातच असेल तर काय होईल याचा विचार आधी करावा, वकिलाला आधी भेटावं.

२०२३ मध्ये माझ्याकडे दुसरी एक मुलगी आली, २२ वर्षांची, नर्सिंगचा कोर्स बंद करून घरी बसवलेली. साखरपुड्याचा ब्लाऊज शिवायचा होता. पडद्यामागे मी विचारलं आणि ती आवाज न करता रडायला लागली, तोंडात ओढणी धरून. मला तिच्यासाठी वेळ पाहिजे होता म्हणून मी तो ब्लाऊज मुद्दाम बिघडवला. मुंढा ओढतोय म्हटलं, परत ट्रायल घ्यावी लागेल. मग पाठीत झोळ येतोय. असं करत ती चार वेळा आली. एकदा माझ्या फोनवरून १८१ ला बोलली. एकदा संरक्षण अधिकारी मॅडम स्वतः गिऱ्हाईक म्हणून येऊन पडद्यामागे तिच्याशी दहा मिनिटं बोलल्या. तिसऱ्या वेळी तिनं आधारकार्ड आणि मार्कशीट ब्लाऊजपीसच्या घडीत घालून आणली, ती मी अस्तराच्या गठ्ठ्यात ठेवली. चौथ्या वेळी ती परत घरी गेली नाही, मॅडमबरोबर पोलीस स्टेशनला गेली.

तिथे पण सोपं नव्हतं. ड्युटीवरच्या साहेबांनी आधी तिच्या वडिलांनाच फोन लावायला घेतला, पोरगी इथे आहे, येऊन समजावून घेऊन जा म्हणायला. मॅडमनी हात आडवा धरला, कोर्टाचा निकाल दाखवला, मग जबाब घेतला की मी सज्ञान आहे, स्वतःच्या मर्जीनं आलेय, मला घरी जीवाची भीती आहे. त्या जबाबाची सहीशिक्क्याची कॉपी तिनं घेतली. पुढे घरच्यांनी हरवल्याची नाहीतर पळवून नेल्याची तक्रार दिली तर हा कागद फार कामाला येतो. त्या रात्री ती सखी सेंटरला राहिली, अडचणीतल्या बायकांसाठी सरकारचं जिल्ह्याच्या ठिकाणी असतं ते, तात्पुरती सोय होते, नंतर दुसरीकडे हलवलं. भाऊ माझ्या दुकानात आले, काउंटरवरचे कपडे खाली टाकले, कुठेय सांग म्हणाले. मला खरंच ठिकाण माहीत नव्हतं, मी मॅडमना सांगून ठेवलं होतं की मला सांगूच नका. माझे मिस्टर आणि शेजारचे मेडिकलवाले येऊन दारात उभे राहिले, कुणी काही बोललं नाही, फक्त उभे राहिले, आणि ते भाऊ निघून गेले.

उभं राहण्यावरून नगर जिल्ह्यातल्या खर्ड्याची केस आठवते. २०१४ ला शाळकरी पोराला शाळेतून मारत नेलं आणि मारून टाकलं, मुलीशी बोलतो म्हणून. बघणारे होते. २०१७ ला आरोपी सुटले कारण बरेच साक्षीदार फिरले. ते का फिरले असतील हे मला त्या दिवशी दुकानात पाय लटपटत असताना कळलं, म्हणून मी त्यांना एकदम नावं ठेवत नाही. पण चार जण एकत्र असले तर एकाला कमी भीती वाटते हे पण त्याच दिवशी कळलं.

आठ महिन्यांनी त्या मुलीचा मला फोन आला. काकू, गावची जत्रा आहे, आजी आठवण काढते, दादा म्हणतो मागचं सगळं सोडलं, जाऊ का? मी म्हटलं नको जाऊस गं, भेटायचंय तर त्यांना मॅडमच्या ऑफिसात बोलव. तिनं तसा निरोप दिला. भाऊ आले नाहीत, वडील आले नाहीत. आई एकटी आली, कुणाला न सांगता, एसटीनं, पिशवीत शेंगदाण्याची चटणी आणि पोरीचे घरी राहिलेले दोन ड्रेस घेऊन. अर्धा तास बसली आणि शेवटची गाडी चुकेल म्हणून गेली.

आता संपादक साहेब, तुमच्याकडे एक मागणं आहे. अशा लग्नांच्या, पोलीस संरक्षण मागितल्याच्या बातम्या तुम्ही छापता, त्यात जोडपं सध्या कुठल्या गावी राहतं, मुलगा कुठल्या कंपनीत कामाला आहे हे असतं, कधी कधी लग्नाचा फोटो पण असतो. पेपर माझ्या दुकानात येतो तसा त्या मुलीच्या भावाच्या पण हातात पडतो. ज्या मुली अजून जिवंत आहेत त्यांचं गाव आणि फोटो छापू नका. आणि खुनाच्या बातमीला पिच्चरचं नाव देऊन हेडिंग करता ते बंद करा, त्या जागेवर ११२, १८१ आणि १०९८ हे तीन नंबर मोठ्या अक्षरात छापा. माझ्या दुकानात माप द्यायला थांबलेली एखादी मुलगी पेपर चाळताना ते वाचेल, आई शेजारी बसलेली असली तरी वाचता येतं.

माझं नाव आणि गाव छापू नये, का ते वर लिहिलंच आहे.

आपली रोजची वाचक,
एक शिवणकाम करणारी